कंपनीने नवऱ्यावर पाळत ठेवली, घरात माणूस घुसवला, आणि वकील म्हणते युनियन आहे तर कोर्ट नाही??

रानजाई
एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते त्यामुळे विषय बघून दचकू नका. आम्ही ब्रॅम्प्टनला असतो, टोरांटोजवळ. नवरा एका मोठ्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, नऊ वर्षं झाली, युनियन आहे. जानेवारीत दारातला बर्फ उपसताना त्याची पाठ धरली ती धरलीच, डॉक्टरने सहा आठवडे घरी बस म्हणून लिहून दिलं, सिक लीव्हचे पैसे कंपनीकडून नियमित येत होते. चौथ्या आठवड्यात समोर एक करडी गाडी दोन दिवस उभी होती, मला वाटलं कुणाकडे पाहुणे आलेत. तिसऱ्या दिवशी एक माणूस दारात, गळ्यात ओळखपत्र, म्हणे फर्नेसची मोफत तपासणी चालू आहे. मी कामावर होते. नवऱ्याने त्याला आत घेतलं, बेसमेंटमध्ये नेलं, फर्नेससमोर पाणी मऊ करायच्या मशीनची मिठाची गोणी होती ती बाजूला सरकवून वाट करून दिली. पुढच्या सोमवारी पत्र. अमुक तारखेला तुम्ही घरात जड वस्तू उचलताना आढळलात, सिक लीव्हचा गैरवापर, दहा दिवस बिनपगारी सस्पेंड.

म्हणजे तो फर्नेसवाला कंपनीने पाठवलेला! खोटं बोलून माझ्या घरात शिरला, कपडे वाळत घातलेल्या बेसमेंटमध्ये फिरून गेला. मला त्यांना कोर्टात खेचायचंय. ओळखीचे एक वकील आहेत, घरांचे व्यवहार करतात, ते म्हणाले ऑन्टॅरियोत २०१२ च्या जोन्स विरुद्ध त्सिगे केसपासून खासगीपणात घुसखोरी केली म्हणून दावा लावता येतो, जोरदार केस आहे. त्यांनी एका बाईंचं नाव दिलं. त्या वकीलबाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, युनियन आहे का? हो म्हटलं तर म्हणाल्या मग कोर्ट ऐकणार नाही, आर्बिट्रेटरकडे, म्हणजे लवादाकडे जायचं, तेसुद्धा तुम्ही नाही, युनियन जाईल. तीन मिनिटांत फोन खाली. हे खरंय का? घर माझं, दार माझं, आणि कोर्ट मात्र माझं नाही?

तिरकस
नऊ वर्षं ब्रॅम्प्टनमध्ये राहून फर्नेसवाल्याला घरात घेणारा माणूस म्हणजे संतच. २०१८ पासून इथे दारोदार फिरून फर्नेस विकायला बंदी आहे हो. बाकी चालू द्या.

थर्डशिफ्ट
ताई, बाकी सगळं नंतर. पत्र कुठल्या तारखेचं आणि ग्रीव्हन्स, म्हणजे युनियनतर्फे लेखी तक्रार, टाकलाय का?

रानजाई
परवाच्या सोमवारचं, आज गुरुवार. ग्रीव्हन्स नाही टाकला. नवरा म्हणतो युनियनवाले काय दिवे लावणार, स्टुअर्ड (युनियनचा तिथला प्रतिनिधी) स्वतःच सुपरवायझरबरोबर कॉफीला जातो.

थर्डशिफ्ट
जाऊ दे त्याला कॉफीला, मीपण जातो. उद्या सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आत त्याला गाठा आणि फॉर्म भरून घ्या. कलेक्टिव्ह अग्रीमेंटची (युनियन आणि कंपनीतल्या कराराची) छोटी पुस्तिका असते, बहुतेक लॉकरच्या तळाशी, त्यात ग्रीव्हन्सचं प्रकरण काढा, किती दिवसांत टाकायचा ते तिथे असतं. कुठे पाच दिवस, कुठे दहा, कुठे कामाचे दिवस तर कुठे कॅलेंडरचे. मुदत हुकली तरी ऑन्टॅरियोच्या कायद्यात कलम ४८ खाली आर्बिट्रेटर मुदत वाढवू शकतो पण त्या भरवशावर बसू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी ट्रान्झिटमध्ये चौदा वर्षं स्टुअर्ड आहे, वकील नाही. पण तुमची गोष्ट वाचून मी खुर्चीत सरळ बसलो, कारण हीच केस, जवळजवळ हुबेहूब, कॅनडाच्या सुप्रीम कोर्टात होऊन गेलीय. वेबर विरुद्ध ऑन्टॅरियो हायड्रो, १९९५. वेबर वीज कंपनीत कामाला, पाठीचं दुखणं, लांब रजा, कंपनी पैसे देत होती. मग कंपनीला वाटलं हा नाटक करतोय. त्यांनी खासगी गुप्तहेर लावले, ते त्याच्या आवारात आले, आणि आपण भलतेच कुणी आहोत असं सांगून घरात शिरले. जी माहिती मिळाली तिच्यावरून त्याला सस्पेंड केलं. वेबरने युनियनतर्फे ग्रीव्हन्स टाकले, १९८९ ची गोष्ट, ते आर्बिट्रेशनला गेले आणि तिथे तडजोड झाली. पण गडी तेवढ्यावर थांबला नाही, त्याच वर्षाअखेरीस कोर्टातही दावा लावला, आवारात घुसखोरी, फसवणूक, खासगीपणाचा भंग, वर चार्टरमधल्या, म्हणजे कॅनडाच्या घटनेतल्या, मूलभूत हक्कांचा भंग. आणि कोर्टाने सांगितलं आम्ही हे ऐकू शकत नाही.

कारण काय, तर दाव्यावर लेबल कुठलं लावलंय ते बघायचं नाही, भांडण मुळात कशावरून झालंय ते बघायचं. घुसखोरी म्हणा, फसवणूक म्हणा, मुळात ते सिक लीव्हच्या पैशांवरून मालक आणि कामगारात झालेलं भांडण, आणि सिक लीव्ह कुठून आली तर अग्रीमेंटमधून. शिवाय त्यांच्या अग्रीमेंटमध्ये ग्रीव्हन्सचं कलम ऐसपैस होतं, कामगाराला अन्यायाची वागणूक मिळाली अशी कुठलीही तक्रार त्यात बसत होती. म्हणून तुमच्या पुस्तिकेतलं ते कलम शब्द न शब्द वाचा. त्याच निकालात न्यायमूर्ती मॅक्लॅक्लिन यांनी लिहिलं की असं भांडण फक्त आर्बिट्रेटरचं, आणि चार्टरचा हक्क मोडला असेल तर त्याची भरपाईसुद्धा तोच देऊ शकतो. या चार्टरच्या मुद्द्यावर मात्र सातातले तीन न्यायमूर्ती वेगळे पडले, त्यांचं म्हणणं आर्बिट्रेटर म्हणजे कोर्ट नव्हे. चार विरुद्ध तीन. म्हणजे तुम्हाला जे खटकतंय ते सुप्रीम कोर्टातल्या तिघांनाही खटकलं होतं.

रानजाई
बापरे. पाठ सुद्धा!

शंकासूर
पण मग कंपनीला रान मोकळं की. खोटं बोलून घरात शिरा, काय वाकडं होणार, कोर्ट तर नाहीच.

थर्डशिफ्ट
तसं नाही. आधी एक लक्षात घ्या, हे दार दोन्ही बाजूंनी बंद आहे. वेबरच्याच दिवशी दुसरा निकाल लागला, ओलियरीचा, न्यू ब्रन्सविकमधला. सरकारी कर्मचारी, भाड्याची गाडी टायर बसलेला असताना तशीच हाकत नेली, गाडीचं नुकसान. सरकारने निष्काळजीपणाचा दावा लावला. कोर्ट म्हणालं नाही चालणार, तुम्हीपण आर्बिट्रेशनला जा. त्याआधी १९८६ मध्ये सेंट ॲन नाकाविक नावाच्या कागद कंपनीने बेकायदा संपाबद्दल युनियनवर भरपाईचा दावा लावला होता, तोही तसाच परत पाठवला. तिथे कोर्टाने स्वतःकडे एवढंच ठेवलं की संप थांबवायचा मनाई हुकूम आम्ही देऊ शकतो.

आणि पाळतीबद्दल आर्बिट्रेटर काही डोळे मिटून बसत नाहीत. १९९० च्या डोमन फॉरेस्ट प्रॉडक्ट्सच्या निकालापासून बरेच आर्बिट्रेटर दोन गोष्टी विचारतात, पाळत ठेवायला सबळ कारण होतं का, आणि ठेवली ती रीत बरोबर होती का. खोटं ओळखपत्र घालून बेसमेंटपर्यंत जाणं ही कुठली रीत? तिथे तुमची बाजू चांगली आहे. पुरावाच अमान्य झाला की सस्पेन्शन उभं कशावर राहणार.

एकच, चार्टरचं नाव मात्र काढू नका. तो सरकारविरुद्ध लागतो, खासगी गोदामाविरुद्ध नाही. २०२४ मध्ये यॉर्क रीजनच्या दोन शिक्षिकांची केस झाली, उघड्या राहिलेल्या लॅपटॉपवर मुख्याध्यापकाने त्यांच्या खासगी नोंदी वाचून मोबाइलवर फोटो काढले होते, तिथे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ऑन्टॅरियोच्या सरकारी शाळा मंडळांना चार्टर लागू आहे आणि आर्बिट्रेटरने तो लावायला हवा होता.

फिटर_कुर्ला
मी मुंबईहून वाचतोय. रिटायर्ड फिटर. दादा तुम्ही ज्या कौतुकाने सांगताय ते वाचून मला राहवलं नाही. ही सोय कामगाराची की कामगाराला गप्प बसवायची? आमच्याकडेही हा प्रश्न झालाय आणि तो माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर झालाय. प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कुर्ला, जिथे पद्मिनी बनायची. १९७१ साली इन्सेन्टिव्हच्या स्कीमवरून मॅनेजमेंटने एका युनियनशी सेटलमेंट केली, दुसऱ्या युनियनची माणसं म्हणाली आम्हाला विचारलं नाही, आम्हाला बंधनकारक नाही, आणि गेली थेट शहर दिवाणी न्यायालयात. खाली जिंकली. सुप्रीम कोर्टात १९७५ ला हरली. वाडके केस म्हणतात, लेबरच्या वकिलांना झोपेत विचारा, सांगतील. कोर्ट म्हणालं की भांडण औद्योगिक विवाद नसेलच तर दिवाणी कोर्ट, विवाद असला पण हक्क साध्या कायद्यातून आलेला असेल तर कामगाराने दोन्हीपैकी एक वाट निवडावी, आणि हक्कच जर औद्योगिक विवाद कायद्याने जन्माला घातलेला असेल तर त्याच कायद्याची वाट, दिवाणी कोर्टाचं नाव काढायचं नाही. सेटलमेंट त्या कायद्यातली, म्हणून दिवाणी कोर्ट बाद.

पण बाद झालं म्हणून आम्ही काय युनियनच्या दारात बसलो नाही. १९६५ पासून त्या कायद्यात कलम २-अ होतं, एकट्या माणसाला कामावरून काढलं तरी तो औद्योगिक विवाद, युनियन मागे असो नसो. मला ९३ साली ठाण्यातल्या एका कंपनीने काढलं तेव्हा युनियनचा सेक्रेटरी मॅनेजमेंटच्या खिशात होता, मी एकटा लढलो. हे तुमच्या कॅनडात करता आलं असतं का?

थर्डशिफ्ट
नसतं करता आलं, मान्य. पण काका, किती वर्षं लागली?

फिटर_कुर्ला
अकरा. आधी कन्सिलिएशन, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोर समेटाचा प्रयत्न, तिथे मॅनेजमेंटचा माणूस चार तारखांना आलाच नाही, मग फेल्युअर रिपोर्ट, मग सरकार रेफरन्स करणार, म्हणजे प्रकरण कोर्टाकडे पाठवणार, मग वांद्र्याचं लेबर कोर्ट. कापडी पिशवीत फाइल आणि डबा, बाकावर बसायचं, शिपायाने नाव पुकारलं की उठायचं, साहेब रजेवर, पुढची तारीख. मुलगी पहिलीत होती ती बारावीला गेली. रीइन्स्टेटमेंट मिळाली, म्हणजे नोकरी परत, बॅक वेजेस, म्हणजे मधल्या काळाचा पगार, अर्धा. तोवर कंपनीच्या जागेवर टॉवर उभा राहिला होता. पण दादा, ती अकरा वर्षं माझी होती, कुणाच्या मेहरबानीवर नाही गेलो.

तिरकस
काका _/\_

वांद्रे_पूर्व
फिटरकाकांना थोडी पुरवणी. मी लेबर कोर्टातच वकिली करते. २०१० च्या दुरुस्तीनंतर रेफरन्सची वाट बघायला लागत नव्हती, कन्सिलिएशनला ४५ दिवस झाले की कामगार थेट लेबर कोर्टात. लवाद आपल्याकडेही आहे, जुन्या कायद्यात १०-अ, पण दोन्ही बाजूंनी लेखी कबूल केलं तरच, सक्ती नाही. मी इतक्या वर्षांत फार थोडे बघितलेत, मॅनेजमेंटला लवाद नको कारण आटपतो लवकर, आणि युनियनला विश्वास नाही. आणि ऑफर लेटरमध्ये बारीक अक्षरात आर्बिट्रेशनचं कलम घालून लेबर कोर्ट चुकवता येत नाही, किंगफिशर एअरलाइन्सच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने ते सांगितलंय. लवादाचा निवाडा शेवटचा असंही नाही, गुजरात स्टील ट्यूब्सच्या निकालापासून १०-अ वाल्या लवादावरही हायकोर्टात रिट होते.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, त्यात ५१ टक्के कामगार ज्या युनियनमागे ती एकटी वाटाघाटी करणार. म्हणजे आपणही एकाच तोंडाने बोलायच्या दिशेने निघालोय. एकट्याला काढल्यावर दाद मागायचा हक्क शिल्लक आहे, पण मुदत तीन वर्षांची दोन झाली.

फिटर_कुर्ला
एकच तोंड! गिरणगावाला विचारा एका तोंडाचं काय होतं. १९४६ च्या कायद्याने गिरण्यांत एकच प्रातिनिधिक युनियन, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. जानेवारी ८२ मध्ये लाखो कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले तरी कायद्याच्या लेखी कामगारांचं तोंड संघच. बोलणार कोणाशी, तर ज्याच्यामागे माणूस नाही त्याच्याशी. माझा मोठा भाऊ होता त्यात. म्हणून मला ही वाट म्हणजे किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला वाटते.

थर्डशिफ्ट
काका, तुमचा मुद्दा मनाला लागला आणि उत्तर पूर्ण नाहीये माझ्याकडे. किल्ली युनियनकडे आहे हे खरंच. ग्रीव्हन्स आर्बिट्रेशनपर्यंत न्यायचा की मध्येच तडजोड करायची हे युनियन ठरवते, १९८४ मध्येच सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की आर्बिट्रेशनला जायचा पक्का हक्क कामगाराला नाही. युनियन मनमानी, भेदभाव किंवा दुष्टाव्याने वागली तर कलम ७४ खाली लेबर बोर्डाकडे जाता येतं, पण नुसती चूक केली, अंदाज चुकला, एवढ्याने ते अर्ज टिकत नाहीत, बहुतेक पडतात. मी स्वतः स्टुअर्ड असून सांगतो. पण युनियन बदलता येते, अग्रीमेंट संपायच्या आधीच्या तीन महिन्यांत.

पण हे का झालं तेही बघा. इथे अग्रीमेंट चालू असताना संप करायला कायद्यानेच बंदी, त्याच्या बदल्यात प्रत्येक तंटा काम न थांबवता आर्बिट्रेशनने मिटवायचा. हा सौदा आहे. कोर्टात गेलात तर सौदा मोडला. शिवाय फी अर्धी युनियन अर्धी कंपनी, कामगाराचा एक डॉलर जात नाही. त्या बाईंनी ताईंचा फोन तीन मिनिटांत ठेवला, पण ठेवला नसता तर दहा हजार डॉलर घेऊन मग कोर्टाने हाकललं असतं. ठेवला हे उपकार समजा.

न्यूजर्सीचे_नाना
अमेरिकेत थोडं निराळं हो. १९६० च्या स्टीलवर्कर्सच्या तीन निकालांपासून इथेही अग्रीमेंटच्या भांडणात कोर्ट नाक खुपसत नाही, पण वंशभेद वगैरेच्या कायद्याखालचा हक्क असेल तर १९७४ पासून माणूस आर्बिट्रेशन हरल्यावरसुद्धा कोर्टात जाऊ शकत होता. मग २००९ मध्ये पाच विरुद्ध चारने सांगितलं की युनियनने अग्रीमेंटमध्ये स्पष्ट शब्दांत लिहून दिलं असेल तर तोही रस्ता बंद. फिटरसाहेबांची कनवटीची उपमा इथे चपखल.

शंकासूर
मग कॅनडात ह्यूमन राइट्सला तरी जाता येतं का? पाठदुखी म्हणजे अपंगत्वात धरतात ना?

थर्डशिफ्ट
चांगला प्रश्न. मॅनिटोबातली हॉरॉक्स केस, २०२१. आरोग्यसेविका, दारूचं व्यसन, कामावरून काढलं, युनियनने तडजोड करून परत घेतलं, पुन्हा काढलं, मग ती ह्यूमन राइट्सकडे गेली. सुप्रीम कोर्ट म्हणालं मुळातला तंटा अग्रीमेंटचा, तेव्हा आर्बिट्रेटरकडेच, कायद्यात स्पष्ट वेगळं लिहिलं नसेल तर. मॅनिटोबाच्या कायद्यात तसं नव्हतं. पण ऑन्टॅरियोच्या ह्यूमन राइट्स ट्रायब्युनलने २०२२ मध्ये ठरवलं की आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, इथे दोघांनाही अधिकार. त्यामुळे ताईंच्या नवऱ्याला ते दार उघडं आहे, पण तिथे विषय अपंगत्वाचा, फर्नेसवाल्याचा नाही.

आणि कोर्टाचं दार कधीच उघडत नाही असंही नाही. १९९८ ची पिको केस, दुकानातली बाई, कंपनीने तिच्यावर फसवणुकीची पोलीस केस केली, ती मागे घेतली गेली, मग तिने खोटी केस केली म्हणून दावा लावला. अपील कोर्ट म्हणालं कंपनीच आधी अंगण सोडून पोलिसांकडे गेली, आता तिने अंगणातच थांबावं असं कंपनीने म्हणू नये.

रानजाई
एक विचारते. युनियनचा सभासद तो, मी नाही. घर माझ्याही नावावर. मी दावा लावला तर?

वांद्रे_पूर्व
ताई, हे चांगलं पकडलंत. तुम्ही त्या अग्रीमेंटला बांधलेल्या नाही. पण नवऱ्याच्याच भांडणाची दुसरी प्रत आपल्या नावाने छापली असं दिसलं तर कोर्टाला ते कळेल. युनियनची कामं करणाऱ्या तिथल्या वकिलाला विचारा, घरांचे व्यवहार करणाऱ्याला नको. आणि ग्रीव्हन्स त्यासाठी थांबवू नका.

रानजाई
अपडेट. ग्रीव्हन्स टाकला. पुस्तिकेत कामाचे दहा दिवस होते, आम्ही आठव्या दिवशी. स्टुअर्डने लंचरूममध्ये बसून चार प्रतींचा फॉर्म भरला, एवढा दाबून लिहीत होता की चौथीवरही उमटलं. पाळत, खोटं ओळखपत्र, घरात प्रवेश, सगळं वेगवेगळं लिहायला लावलं (थर्डशिफ्टदादांनी फोनवर सांगितलं तसं, आभार). मला वाटलं त्यापेक्षा बरा निघाला माणूस, पहिलाच प्रश्न, तो फर्नेसवाला आत किती मिनिटं होता. डोअरबेलचा व्हिडिओ काढून ठेवलाय, आला २:१०, गेला २:३१. काल पहिली मीटिंग झाली, कंपनीची बाई सारखी एकच धरून बसली होती, गोणी अठरा किलोची असते, दुकानात लिहिलेलं असतं. नवरा म्हणाला सरकवली, उचलली नाही. उत्तर पुढच्या आठवड्यात.

घरी येऊन बघितलं तर गोणी तशीच तिथे. त्याच्या पाठीमुळे आणि माझ्या कंटाळ्यामुळे मशीनमध्ये मीठ घातलंच नाहीये तेव्हापासून, केस धुताना कळतंच. अर्धी रिकामी आहे. बाथरूमचा काटा खाली नेऊन ठेवली, साडेआठ किलो. फोटो काढला.

फिटर_कुर्ला
शाब्बास पोरी. फोटोत काट्याचा आकडा आणि तारीख दोन्ही येतंय का बघ. आणि पुढची मीटिंग होईपर्यंत केस तसेच धू.